एक माळ थांबावे

सोमवार, ४ मार्च

बारके,

आशीर्वाद. राग आला म्हणून ते अडवून ठेवता येत नाहीत, तेव्हा आधीच देऊन टाकते. आता बाकीचं.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, फर्मान. "ताई, जमिनीची वही ताबडतोब कुरिअरने पाठव, छापखान्याला द्यायची आहे." ना खुशाली, ना चौकशी. ते टेबलावर उघडं राहिलं आणि आमच्या ह्यांनी वाचलं. घड्याळाची काच हातात तशीच धरून मला विचारतात, "अगं, कुठली जमीन? तुमच्या वडिलांनी मागे कुंडीभर मातीसुद्धा ठेवली नाही, आणि दोघी बहिणी कसली कागदपत्रं मागता?" अकरा वर्षं एकाच टेबलाच्या त्या टोकाला हे लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडतात आणि ह्या टोकाला मी शुभेच्छांच्या कार्डांवर रंग उडवते. पण कार्डाच्या तळच्या रंगाला आपण जमीन म्हणतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. कसं असणार? तो शब्द तुझा आणि माझा. तूच ठेवलास. "ताई, तू जमीन कर, मी वर घर बांधते," म्हणाली होतीस. घर म्हणजे तुझी अक्षरं, तुझे पक्षी, तुझी वेलबुट्टी.

मी ह्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग देऊन टाक की वही. खर्चाचीच तर वही आहे."

खर्चाचीच आहे. पुढून दूध, गॅस, इस्त्री. उलटी धरली की मागून जमिनी. दोन्हीकडची पानं मधे भेटायला आली आहेत, पाच-सहाच कोरी उरलीत. एकाच वहीत भागतं तिथे दोन कशाला, म्हणून मी तशी लिहिली. ती मी देणार नाही.

कारण विचारशील. सांगते. मागच्या शुक्रवारी दवाखान्यातली नर्सबाई आली होती, नेहमी माझ्याकडून चार-सहा कार्डं नेते ती. कोण आनंद तिला! "काकू, तुमच्या बहिणीची मुलाखत आलीय, बघा बघा." ओट्याला टेकून आम्ही दोघींनी फोनवर पाहिली. तू छान दिसत होतीस. केस कापलेस ते शोभतात. मुलाखत घेणाऱ्या मुलीने तुझं एक कार्ड उचललं, ते निळ्यातून हिरवं उमलत जाणारं, आणि विचारलं, "आणि हे रंग? हे इतके सुंदर कसे येतात?" तू हसलीस. म्हणालीस, "ते होय? ते एक बाई घरी करून देते."

नर्सबाईने फोन पर्समध्ये टाकला. म्हणाली, "आवाज नीट येत नाही हो याचा."

आवाज चांगला स्वच्छ येत होता.

एक बाई. अगं, आपल्याकडे भांड्यांना येत होत्या त्यांनासुद्धा आपण मावशी म्हणायचो. तू माझ्या पाठची, माझ्याच कडेवर वाढलीस. आणि मी एक बाई!

तेव्हा वही घरातच राहील. बाकी सर्व ठीक. हे पत्र बिघडलेल्या कार्डाच्या मागे लिहिते आहे, पुढची बाजू बघू नकोस. ह्यांना ऐन वेळी शिंक आली आणि केशरी पूड सगळीकडे बसली.

तुझी ताई

*

बुधवार, १३ मार्च

बारके,

आशीर्वाद, मागच्या वेळेपेक्षा जरा कमी.

काल दुपारी फोन वाजला.

"हॅलो, जमिनीवाल्या बाई का?"

म्हटलं, "कोण बोलतंय?"

"छापखान्यातून. वहीच्या पहिल्या पानावर नंबर होता. 'वही सापडल्यास कळवावे' असं लिहिलंय, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुमच्या वहीत आहे तसंच केलं बघा सगळं. डबीच्या झाकणाला टाचणीचं भोक. नक्षी कापलेल्या जाळीतून डिंकाचा पातळ हात, जाळी उचलून वर पूड, पाण्याचा फवारा हातभरावरून. पंखासुद्धा बंद ठेवला. पुढे लिहिलंय, 'एक माळ थांबावे, मग टिपावे.' तर आम्ही माळ बांधली."

"काय बांधलंत?"

"माळ. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली आणि चिमट्यांनी कार्डं टांगली ओळीने. साठ कार्डं. सगळ्यांचे रंग ओघळले हो बाई. एकेक कार्ड असं दिसतंय, जसं काही काजळ घालून रडलंय. तर विचारायचं होतं, माळ नक्की किती उंचीवर बांधायची?"

बारके, मी तोंडावर पदर धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या भल्या माणसाचा काय दोष? मी म्हटलं, "उंचीवर नाही हो. बोटावर."

"बोटावर साठ कार्डं कशी टांगणार?"

मग विचारलं, वही तर माझ्या मांडीवर आहे, तुम्हाला कुठे मिळाली? तो म्हणाला, "मॅडमनी फोटो पाठवले होते ना, जानेवारीत. शेवटची पानं तेवढी राहिलीत, ती येतायत म्हणाल्या."

हसू तिथेच थांबलं.

जानेवारीत तू दोन दिवस राहून गेलीस. किती वर्षांनी राहायला आलीस म्हणून मी हरखले होते. नवी चादर घातली. सकाळी मी देवापुढे बसले तेव्हा तू म्हणालीस, "तू सावकाश आटप, मी चहा टाकते." चहा उकळून उकळून काळा झाला होता. मला वाटलं, बारकी बिचारी स्वयंपाकघर विसरली. आता कळलं तू कशात गुंतली होतीस. सांगू नये, पण सांगते: त्या सकाळी मी डोळे मिटून तुझ्यासाठीच मागत होते. तुझं दुकान चालू दे म्हणून.

चोरी केलीस तर केलीस. मला त्याचंही एवढं नाही. मला लागलं ते दुसरंच. छापखानेवाल्याने माळ म्हणजे दोरी समजावी, ठीक आहे. पण तू त्याला ते पान पाठवताना वाचलंससुद्धा नाहीस? 'एक माळ थांबावे' ही ओळ माझ्या अक्षरात नाहीच. ती तुझ्या अक्षरात आहे. वही उघडून आत्ता पुन्हा पाहिली. 'थांबावे'चा अनुस्वार गोल भोपळ्याएवढा, तू तेव्हा काढायचीस तसा.

तुला आठवत नसेल तर मी सांगते. पहिलं वर्ष. ह्याच टेबलाशी आपण बसलो होतो. तपकिरी पूड टाकून पाणी मारलं की त्यातून लपलेला हिरवा आणि निळा बाहेर येतो हे नुकतंच कळलं होतं, आणि आपण येड्यासारख्या हसत होतो. पण लगेच टिपलं की सगळं फडक्यात यायचं, कागद कोरा. उशिरा टिपलं की चिखल. तू घड्याळ लावून पाहिलंस, पाच मिनिटं, सात मिनिटं. एक दिवस जमे, एक दिवस फसे. शेवटी तू म्हणालीस, "ताई, तुझे हात वळवळतात, तुला दम नाही. हातात काहीतरी धर बाई." म्हणून मी आईची माळ हातात घेतली. एकशे आठ मणी संपले, डोळे उघडले, टिपलं. काय रंग बसला होता! दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ, पुन्हा तसाच. तू पेन माझ्या हातातून ओढून घेतलंस आणि लिहिलंस. मोठ्याने म्हणालीससुद्धा, "एक माळ थांबावे, आईचा हुकूम!"

आईने जायच्या आदल्या वर्षी दोघींना एकेक माळ दिली. सारखी, लाकडी मण्यांची, एकाच धाग्यातून ओवलेली. माझी माझ्या हातात आहे. तुझी कुठे आहे?

ताई

*

गुरुवार, २१ मार्च

बारके,

आशीर्वाद.

तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा मी घरातच होते, ह्यांना खोटं बोलायला लावलं. ते वाईट बोलतात खोटं. "ती... ती बाहेर गेलीय... आतल्या बाहेर," असं काहीतरी म्हणाले, तू ओळखलं असशीलच. मी फोनवर येणार नाही. फोनवर तू रडतेस आणि मी हो म्हणते, लहानपणापासून हेच चालत आलंय. पत्रात रडून दाखव.

पत्र मात्र या वेळी मोठं लिहिलंस. वाचलं, दोनदा. आता एकेक घेते.

पहिलं, हॉस्पिटलचं. हे तू आधी का नाही सांगितलंस? मोठ्या हॉस्पिटलने पाचशे कार्डं मागवली आहेत, बरं होऊन घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक द्यायचं म्हणून, आणि ती वीस एप्रिलला पोचायची आहेत. मला वाटलं होतं कुठल्या लग्नाबिग्नाचं काम असेल. पलंगावरून उठून पहिल्यांदा चप्पल घालणाऱ्या माणसाच्या हातात ते ओघळलेलं, रडकं कार्ड द्यायचं? मला झोप लागली नाही. तू मला ओळखतेस, म्हणूनच हे आत्ता सांगितलंस. हुशार आहेस.

दुसरं. तू लिहितेस, "मुलाखतीत घाईत तोंडातून गेलं, मनात तसं नव्हतं." असेल. पण घाईत तेच निघतं जे वरच ठेवलेलं असतं. तळातलं काढायला वेळ लागतो.

तिसरं. "ताई, पहिल्या वर्षी मीच विचारलं होतं तुझं नाव घालू का म्हणून. तू नको म्हणालीस."

हो. म्हणाले होते. मागच्या दोन पत्रांत मी हे लिहिलं नाही, तू लिहू नयेस अशी आशा होती. तुला मी म्हटलं होतं, "करणारा तो, मी कोण?" ऐकायला किती छान वाटतं! तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता खरं ऐक. तेव्हा सासूबाई होत्या. स्वयंपाकाच्या टेबलावर बसून बाई नाव कमावते असं त्या म्हणाल्या असत्या, आणि त्यांचं म्हणणं सगळ्या गल्लीत पोचायचं. आणि दुसरं असं की कुणाला रंग आवडले नाहीत तर नाव तुझं जाणार होतं, माझं नाही. मला ते बरं वाटलं. देवाला पुढे केलं आणि त्याच्या मागे लपले मी. नम्रपणा फार स्वस्तात पडतो, बारके, आणि स्वस्त ते मला लगेच आवडतं. त्याबद्दल मी रोज माफी मागते, पण तुझी नाही, देवाची.

पण ऐक. नाव घालू नको म्हटलं म्हणजे नातं पुस असं नाही म्हटलं. "माझी बहीण करते" असं म्हणायला एक शब्द जास्त लागतो का ग? मोजून बघ. उलट कमीच लागतात.

चौथं. तू लिहितेस, आता प्रत्येक कार्डाच्या मागे तळाला बारीक अक्षरात माझं पूर्ण नाव छापतेस. नको. मागे नको, तळाला नको आणि बारीक तर मुळीच नको. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात तशी मी छापून घेणार नाही.

आता माझं ऐक. पाचशेच्या पाचशे जमिनी मी करते. छापखान्याची नको, कुणाची नको. ह्याच टेबलावर, माझ्या हाताने. वीस तारखेच्या आत तुला अक्षरं काढायला वेळ उरेल अशा बेताने पाठवते. वही मात्र येणार नाही. आणि प्रत्येक जमिनीवर, पुढच्या बाजूला, मी माझं नाव घालणार. कुठलं ते माझं मी बघेन.

कबूल असेल तर जाड कागद पाठव. नसेल तर छापखानेवाल्याला सांग, आणखी एक दोरी आण म्हणावं.

ताई

*

मंगळवार, २ एप्रिल

बारके,

आशीर्वाद.

कागद मिळाला. चांगला आहे, पाणी प्यायला तरी वाकत नाही. दोनशे दहा जमिनी झाल्या. रोज सकाळी सातला ओटा आवरून बसते. एका माळेला दोन कार्डं: एक सरळ, आणि ओली जाळी उचलून दुसऱ्या कागदावर पालथी घातली की तिला लागलेल्या डिंकाचा उलटा ठसा, त्यावरही पूड. वाया काहीच जात नाही. प्रत्येक माळ त्या माणसासाठी जपते, जो ते कार्ड घेऊन घरी जाईल. नाव माहीत नाही, आजार माहीत नाही. म्हणते, "ज्याचं त्याला."

आणि एक नवलाची गोष्ट. आमच्या ह्यांना वाटत होतं, तुला वही देत नाही म्हणजे मी हट्टीच. म्हणाले, "तुझी माळ किती मिनिटांची ते मी मोजून देतो. मिनिटं लिहून पाठव, विषय संपला." त्यांच्याकडे ते दाबायचं घड्याळ आहे, शर्यतीचं. पहिल्या दिवशी लावलं, सहा मिनिटं दहा सेकंद. खूश झाले, चिठ्ठीवर लिहिलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं होतं, हवा दमट, धुतलेले कपडे वाळेनात. त्या दिवशी आठ मिनिटं भरली! मला म्हणाले, "तू मुद्दाम रेंगाळतेस." मी म्हटलं, "अहो, देवाच्या नावात मी कशाला लबाडी करू?" तीन दिवस त्यांनी घड्याळं सोडून माझं बोट पाहिलं. आणि मग कळलं. हवा दमट असली की मणी बोटाला चिकटतात, हळू सरकतात. आणि दमट हवेत कागदही हळूच सुकतो! कोरड्या दिवशी मणी पटापट पळतात, कागदही पटकन ओढतो. दोघं एकाच हवेत बसलेले, बरोबर चालतात.

हे म्हणजे चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. नंतर ती चिठ्ठी फाडून टाकली आणि म्हणाले, "अकरा वर्षं तुझ्या हातात माझ्यापेक्षा बरं घड्याळ होतं आणि तू सांगितलं नाहीस."

मला तरी कुठे माहीत होतं?

आता नावाचं. तुझं कालचं पत्र मिळालं. इतकी का घाबरलीस? कागदाच्या पोचेच्या चिठ्ठीत मी 'एक बाई' असं नाव घालणार म्हटलं, तर तू लिहितेस, "ताई, सूड घेतेस का? लोक हसतील. हॉस्पिटलवाले विचारतील, ही एक बाई कोण."

विचारतील. विचारू देत. मुलाखतीत त्या मुलीने विचारलं नाही, तू सांगितलंस आणि ती पुढच्या प्रश्नाला गेली, कारण 'एक बाई' ऐकल्यावर कुणी पुढे विचारतच नाही. पण लिहिलेलं दिसलं की विचारतात. तेव्हा तुला उत्तर द्यावं लागेल, तोंडाने, तुझ्या तोंडाने. माझं पूर्ण नाव छापलं असतंस तर कुणी विचारलं असतं का? नाव वाचतात आणि सोडून देतात.

तेव्हा सूड म्हण, काही म्हण. कार्डं सुरू करायच्या आधीच नावाची जाळी कापून झाली आहे.

तुला सांगते, अक्षरांची जाळी कापणं सोपं नाही, तुझ्या कामाची किंमत मला त्या दिवशी कळली. ह्यांच्या गुडघ्याच्या एक्स-रेची जुनी फिल्म काढली, नवी प्लास्टिकची शीट कशाला आणायची? ब्लेडने 'बाई'चा ब कापला आणि त्याच्या पोटातला तुकडा टपकन खाली पडला. अक्षर गेलं, नुसतं भोक उरलं. ह्यांनी चिमटा आणि भिंग घेतलं, म्हणाले, "पोटाला दोन बाजूंनी जोड ठेवावा लागेल, नाहीतर टिकणार नाही." केसाएवढे जोड ठेवून त्यांनी दुसऱ्यांदा कापून दिलं. पहिला ठसा उमटवला तर छान! मग सवयीने मी जाळी उचलली, दुसऱ्या कागदावर पालथी घातली. विसरलेच ग, फुलापानाचं उलट चालतं, अक्षराचं चालत नाही. उलटी बाई उमटली. हे म्हणाले, "ही बारकीला पाठव. आरशासमोर धरून वाचू दे."

म्हणून पाठवते आहे. याच्याच मागे लिहिलंय हे पत्र.

तुझी माळ कुठे आहे, याचं उत्तर दोन्ही पत्रांत आलेलं नाही.

ताई

*

गुरुवार, ११ एप्रिल

बारके,

अनेक आशीर्वाद. आज भरपूर आहेत, घे.

पाचशे झाल्या. दोनशे पन्नास माळा. उभ्या आयुष्यात एका महिन्यात एवढा जप झाला नव्हता, त्याबद्दल तुझे आभारच मानायला हवेत. उजव्या हाताची दोन बोटं निळी झाली आहेत, साबणाला दाद देत नाहीत. नर्सबाई म्हणाली, "काकू, दवाखान्यात येऊ नका हं, बोटं बघून डॉक्टर तुम्हालाच ऑक्सिजन लावतील."

दोन खोकी आज ह्यांच्या हातून रवाना केली. जमिनी आडव्या ठेवल्या आहेत, मधे मधे जुन्या वर्तमानपत्रांचे कागद. ते कागद परत पाठव, चांगले आहेत.

कार्डं उघडलीस की पहिल्यांदा तुला नाव दिसणारच नाही. मुद्दाम. ते वर चिकटवलेलं नाही, रंगातच आहे. जाळी ठेवून तिथली पूड जराशी आधी टिपून घेतली, म्हणजे अक्षरं जमिनीपेक्षा किंचित उजळ आली. जरा तिरकं धरून बघ. उजव्या कोपऱ्यात, खाली. तू नेहमी सही करतेस तिथेच. त्यावरून तू गडद शाईने काही काढलंस तरी खालून दिसेल, तेवढा उजळपणा मी राखला आहे. हरकत नाही, करून बघ. पाचशे वेळा करून बघ.

पण तसं करायचं नसेल, तर नावाच्या शेजारी जागा सोडली आहे. तुझी सही किती लांब येते ते जुन्या कार्डांवर पट्टी ठेवून मोजलं आणि तेवढीच सोडली. एक सूतसुद्धा कमी नाही.

तू कालच्या पत्रात शेवटी लिहिलंस ते वाचलं. छापखानेवाल्याने पुन्हा विचारलं, "ती माळ म्हणजे काय होतं शेवटी?" आणि तू सांगितलंस. मग त्याने विचारलं, "आणि त्या बाई कोण?" आणि तू म्हणालीस, "माझी मोठी बहीण." तो म्हणाला, "मग आधी सांगायचं ना मॅडम, मी त्यांना 'जमिनीवाल्या बाई' म्हणून हाक मारली हो!" त्याला सांग, मला राग नाही आला. त्या हाकेत निदान जमीन तरी होती.

आता एक माणूस झाला, पाचशे उरले.

तू विचारतेस, "ताई, आता तरी फोनवर येशील ना?" नाही. अजून नाही. पुढच्या मुलाखतीत काय बोलतेस ते नर्सबाईच्या फोनवर ऐकेन, मग बघू. आणि वहीही मिळणार नाही, पुन्हा मागू नकोस. चोरून फोटो काढलेल्या पानांचं तू काय करायचं ते कर. त्यात मिनिटं नाहीत, आणि मण्यांचा फोटो काढून काही होत नाही.

खोकी बांधताना आमचे हे शेवटचं कार्ड हातात घेऊन बराच वेळ उजेडात तिरकं धरून उभे होते. मग वाचलं त्यांनी, आणि काय म्हणाले असतील? "चला. वडिलांनी नाही ठेवली तर नाही. जमीन लागली एकदाची नावावर."

घर तू बांध. चांगलं बांध. पाचशे माणसं त्यातून आपापल्या घरी जाणार आहेत.

तुझी,
एक बाई

ता. क. काम शिकायचं असेल तर ये. दोन दिवस नाही, महिनाभर ये. चहा मी टाकेन. फक्त येताना तुझी माळ शोधून आण, मी माझी देणार नाही.